खाटा नव्हे, टाक्या मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की गावापासून दूरचे एखादे शे-दोनशे वर्षांचे घर आख्खे भाड्याने घ्यायचे आणि तीन-चार कुटुंबांनी किंवा जुन्या मित्रमंडळींनी मिळून तिथे राहायचे, असे बेत सुरू होतात. अशा घरांवरच्या लेखांत नक्षीदार छत, भिंतीवरच्या तसबिरी आणि बागेतले कारंजे यांचे रसभरीत वर्णन असते. जाहिरातीत मात्र एकच आकडा ठळक असतो : '२२ जणांची सोय'. हा आकडा खाटांचा आहे. घर किती माणसे पेलेल, हे त्यावरून कळत नाही. जुन्या इमारतींची देखभाल, नळकाम आणि वीजकाम करणारे आम्ही काही वाचक त्याऐवजी चार आकडे विचारायला सुचवतो. गरम पाणी किती लिटर, मैल्याची टाकी किती माणसांची, वीजजोडणी किती अँपिअरची आणि रात्री घराबाहेर पडायच्या वाटा किती? मालकाने गुळमुळीत उत्तर दिले, तर घर कितीही देखणे असो, गट निम्मा करावा किंवा दुसरे घर पाहावे.

खाटांचा आकडा फुगतो कसा, हे आधी सांगतो. दिवाणखान्यातला उघडमिट करता येणारा सोफा दोन जणांचा धरला जातो. पोटमाळ्यावर जिथे मधोमधच ताठ उभे राहता येते, तिथे चार गाद्या टाकलेल्या असतात. शिवाय जुन्या घरांत बऱ्याचदा बोळ नसतो, एका खोलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जावे लागते. मधल्या खोलीत झोपणाऱ्याच्या उशाशी रात्रभर ये-जा चालते. म्हणून छायाचित्रांवर न भागवता मजल्यांचा नकाशा मागावा. हाताने काढलेला असला तरी चालेल. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात : कोणत्या खोल्या दुसऱ्या खोलीतून गेल्याशिवाय गाठता येत नाहीत, तळमजल्यावर झोपायची खोली व संडास दोन्ही आहेत का, आणि न्हाणीघरे कोणत्या मजल्यावर आहेत. गटात गुडघे दुखणारी माणसे असतील तर दुसऱ्या प्रश्नावरच निर्णय होतो. जुन्या जिन्याची पायरी २०-२२ सेंटिमीटर उंच असू शकते. आजच्या घरात ती १५ ते १७ असते. उंचीपेक्षाही घात करते ती विषमता. दहा पायऱ्या सारख्या आणि अकरावी दोन सेंटिमीटरने वेगळी असली की पाय तिथेच चुकतो, कारण तोवर पायाला अंदाज बसलेला असतो. गोल जिन्यावर आतल्या कडेला पाऊल मावत नाही, तिथे बाहेरच्या कडेनेच उतरावे.

आता गरम पाणी. बहुतेक गटांची पहिली कुरबुर इथून सुरू होते आणि ती टाळता येण्याजोगी असते. समजा टाकी ३०० लिटरची आहे, पाणी ६० अंशांना तापवले आहे आणि नळाचे थंड पाणी १५ अंश आहे. आंघोळीला ४० अंशांचे पाणी लागते, म्हणजे साधारण पाच भाग गरम आणि चार भाग थंड. हिशोबाने ५४० लिटर मिळायला हवे, पण टाकी उपसली जात असताना खालून थंड पाणी आत शिरते आणि शेवटचा भाग कोमट होतो. ४३० लिटर धरावे. शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर पाणी पडते आणि माणूस सात मिनिटे उभा राहतो असे मानले, तर एका आंघोळीला ६३ लिटर. म्हणजे पहिले सहा-सात जण खूश आणि पुढच्याची ओरड! टाकीतली कॉइल ३ किलोवॉटची असेल तर रिकामी टाकी पुन्हा ६० अंशांना यायला पाच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. वीस जणांनी सकाळी आठ ते नऊ या वेळात आंघोळी उरकायच्या म्हटले, तर ते कोणत्याही युक्तीने जमणार नाही. म्हणून मालकाला दोन आकडे विचारावेत, लिटर आणि किलोवॉट. वरचा हिशोब करून आंघोळी सकाळ-संध्याकाळ वाटून घ्याव्यात. बाथटब भरण्याचा मोह पहिल्या दिवशी टाळावा, एकदा भरायला दीडशे लिटर लागतात.

दाबाचे गणित वेगळे आहे. माळ्यावरच्या टाकीतून नुसत्या उंचीच्या जोरावर पाणी येत असेल, तर दर १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीच्या जेमतेम दोन मीटर खाली असतो, म्हणून दाब ०.२ बार. धार बारीक येते, यात कोणाचा दोष नाही. त्याच मजल्यावर दुसरा नळ उघडला की ती धारही जाते. यापेक्षा गंभीर प्रकार म्हणजे शॉवर चालू असताना खाली स्वयंपाकघरात कोणी थंड पाण्याचा नळ सोडतो, थंड बाजूचा दाब पडतो आणि अंगावर एकदम कढत पाणी येते. ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत मोठ्या माणसालाही भाजून काढते, मुलांना त्याहून लवकर. तापमान आपोआप सांभाळणारा मिक्सर शॉवरला बसवला आहे का, हे मुलांसोबत जाणाऱ्यांनी विचारलेच पाहिजे. नसेल तर मुलांना शॉवरखाली उभे करू नये, बादलीत पाणी कालवून हाताने पाहून मग घालावे.

भाजण्याच्या भीतीने टाकीचे तापमान ४५ अंशांवर आणून ठेवायचे काहींना सुचते. तेही करू नये. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जातात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची मोठी साथ आली. त्यावरूनच या जिवाणूला हे नाव मिळाले. सुट्टीचे घर आठवडेच्या आठवडे बंद असते आणि नळांत पाणी साचून राहते. पोहोचल्यावर प्रत्येक नळ काही मिनिटे सोडून द्यावा. शॉवरची झारी काढून किंवा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून मग पाणी सोडावे, म्हणजे तुषार उडत नाहीत. या कामासाठी खिडक्या उघड्या ठेवून एकाच माणसाने घरभर फिरावे.

मैल्याच्या टाकीबद्दल लोक विचारत नाहीत. विषय जेवणाच्या टेबलावर काढण्यासारखा नाही, हे कबूल. पण गावाबाहेरच्या घराला नगरपालिकेचे गटार क्वचितच असते. असते ती सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे शोषखड्डा किंवा जमिनीखाली भोके पाडलेल्या नळ्यांचे जाळे. टाकीत तीन थर बसतात. वर तेलकट साय, तळाशी गाळ आणि मध्ये तुलनेने स्वच्छ पाणी. हे मधले पाणीच पुढे जमिनीत मुरायला जायचे असते. थर बसायला पाणी टाकीत निदान एक दिवस थांबावे लागते. आता उदाहरण घ्या. सहा माणसांच्या कुटुंबासाठी २७०० लिटरची टाकी आहे. माणशी दिवसाला १५० लिटर धरले तर रोज ९०० लिटर सांडपाणी येते आणि ते तीन दिवस थांबते. त्याच घरात २४ पाहुणे उतरले की रोज ३६०० लिटर येते, आणि पाणी टाकीत १८ तासांवर थांबत नाही. त्यातही बरेचसे सकाळच्या दोन तासांत येते. गाळ बसायच्या आधीच ढवळून पुढे वाहतो आणि मातीची छिद्रे बुजवतो. शोषखड्डा एकदा असा बुजला की टाकी उपसूनही सुधारत नाही, तो नव्याने करावा लागतो. हे लगेच दिसत नाही, हीच यातली खोच आहे. नुकसान करणारा गट आनंदाने परत जातो आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्यांच्या अंगणात दुर्गंधी सुटते.

म्हणून मालकाला विचारायचे ते असे : टाकी किती लिटरची, शेवटची कधी उपसली, आणि मोठ्या गटाआधी उपसणार का. राहायला गेल्यावर पाणी दिवसभरात पसरून वापरावे. कपडे धुण्याचे यंत्र आंघोळीच्या वेळी लावू नये, आणि दिवसातून एकदाच लावावे. ओले पुसके (वाइप्स), सॅनिटरी पॅड, लंगोट, कापूस यांतले काहीही संडासात टाकू नये. पुसक्यांच्या पाकिटावर 'पाण्यात विरघळणारे' असे छापलेले असले तरी नाही, ते कागदासारखे सुटत नाहीत आणि वळणावर अडकून दोरखंड होतात. तळणीचे उरलेले तेल थंड करून डब्यात भरावे. भांडी कागदाने पुसून मग धुवावीत. ब्लीच आणि फिनेल बाटलीभर ओतले तर टाकीत काम करणारे जिवाणूच मरतात. वास येतो म्हणून आणखी ओतणारे लोक हटकून भेटतात.

तुंबण्याची खूण ओळखता आली पाहिजे. एकाच बेसिनचे पाणी जात नसेल तर अडथळा तिथल्या तिथे आहे, रबरी पंपाने निघतो. तळमजल्याचा संडास गुडगुडतो आहे, वरची आंघोळ चालू असताना खालच्या मोरीत पाणी चढते आहे, असे झाले तर अडथळा मुख्य वाहिनीत किंवा टाकीत आहे. तेव्हा घरातले सगळे नळ बंद ठेवून मालकाला कळवावे. अॅसिड किंवा मोरी साफ करण्याची पूड ओतू नये. जुन्या घराच्या जमिनीखालच्या वाहिन्या भाजलेल्या मातीच्या असतात, त्यांच्या सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरलेली असतात आणि पुडीने मुळे विरघळत नाहीत. नंतर सळई घालणाऱ्या माणसाच्या अंगावर मात्र ते पाणी उडते. आणखी एक, टाकीच्या झाकणावर आणि शोषखड्ड्यावर गाडी उभी करू नये. गटाची बस तर नाहीच. सपाट, मोकळी, हिरवीगार दिसणारी जागा नेमकी तीच असते.

विजेचे गणित सोपे आहे आणि ते गटातले कोणीही करू शकेल. घराला ६० अँपिअरची एक फेजची जोडणी असेल तर २३० व्होल्टला १३.८ किलोवॉट मिळतात. पाण्याची कॉइल ३, ओव्हन ३, दोन विजेच्या किटल्या मिळून ४, धुण्याचे यंत्र २ आणि पाच खोल्यांत प्रत्येकी २ किलोवॉटचे हीटर म्हणजे १०. बेरीज २२ झाली. संध्याकाळी सगळे एकाच वेळी लागले की मुख्य स्विच पडणारच. तो पडतो हे चांगलेच आहे. पडू नये म्हणून फ्यूजमध्ये जाड तार घालणारा एक 'जाणकार' प्रत्येक गटात असतो, त्याला पेटीपासून दूर ठेवावे. विजेची गळती ओळखून तुटणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच वारंवार पडत असेल, तर सगळी उपकरणे भिंतीवरच्या खाचांतून (सॉकेटमधून) उपटावीत, स्विच वर करावा आणि एकेक परत लावत जावे. जे लावल्यावर पडतो ते उपकरण सदोष. काहीही न लावता पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. जुनी रबराची वेष्टने वाळून तडकतात, ओल्या भिंतीत गळती सुरू होते, आणि हे इलेक्ट्रिशियनचे काम आहे.

विजेची मोटार चार्ज करायची असेल तर आधी विचारूनच न्यावी. भिंतीवरचा ३२ अँपिअरचा चार्जर एकटाच ७ किलोवॉट घेतो, म्हणजे वरच्या घरात अर्धी जोडणी त्यातच गेली. साध्या खाचेतून एक्स्टेंशन लावून रात्रभर चार्जिंग करणे त्याहून वाईट. दहा-दहा तास सलग प्रवाह वाहिल्याने जुन्या खाचेचे सैल पडलेले संपर्क तापतात, प्लास्टिक वितळते. गुंडाळलेली एक्स्टेंशन रीळ कोणत्याही कामासाठी वापरताना पूर्ण उलगडावी, गुंडाळीत उष्णता कोंडते.

इथून आगीकडे यावेच लागते. एप्रिल २०१५ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातले क्लँडन पार्क हे अठराव्या शतकातले घर जळाले. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टसारख्या अनुभवी संस्थेच्या ताब्यातले हे घर. तळघरातल्या वीजवितरण पेटीतील दोषातून आग लागली, आतल्या पोकळ्यांतून छतापर्यंत गेली आणि एखादी खोली वगळता फक्त भिंती उरल्या. विंडसरच्या किल्ल्यात २० नोव्हेंबर १९९२ रोजी दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला आणि शंभराहून अधिक खोल्यांना झळ बसली. इंग्लंडमधलेच अपपार्क हे घर १९८९ मध्ये जळाले, ते छतावर शिशाच्या पत्र्याचे काम करणाऱ्या कामगारांच्या ज्योतीमुळे. तीन आगी तीन कारणांनी लागल्या, पण पसरण्याची तऱ्हा बरीचशी सारखीच. जुन्या घरात लाकडी तक्तपोशीच्या मागे, दोन मजल्यांच्या मध्ये आणि छताखाली सलग पोकळ जागा असते. ज्वाळा दिसायच्या आत आग तिथून वर पोहोचलेली असते. जाड दगडी भिंती बघून 'हे काय जळणार' असे वाटते, ते म्हणूनच फसवे आहे.

पहिल्या संध्याकाळी, पिशव्या उघडायच्या आधी, एक काम पूर्ण करावे. प्रत्येकाने आपल्या खाटेपासून घराबाहेरच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत जावे. दोन वेगवेगळ्या वाटांनी. दिवे बंद करून, हातात टॉर्च घेऊन. यातून ज्या गोष्टी उघड होतात त्या नकाशात दिसत नाहीत. मागचे दार जुन्या कुलपाने बंद असते आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीला. खिडकी रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटलेली असते. तळमजल्याच्या खिडक्यांना गज असतात. दुसरा जिना अडगळीने भरलेला असतो. वरच्या मजल्यावर दहा माणसे झोपणार आणि खाली यायला एकच लाकडी जिना असेल, तर त्या मजल्यावरच्या खाटा मोजणीतून वजा कराव्यात. हे आमचे ठाम मत आहे, त्यात तडजोड नको. राहण्याच्या काळात बाहेर जाण्याच्या दाराची किल्ली आतून कुलपातच असू द्यावी. झोपताना खोल्यांची दारे लावून घ्यावीत. जुने भक्कम दार धूर बराच वेळ अडवते. गटातल्या सर्वांच्या नावांची यादी एकाच्या खिशात असावी आणि बाहेर जमायची जागा ठरलेली असावी, नाहीतर आत कोण राहिले हे कोणालाच सांगता येत नाही. ६० सेंटिमीटर दगडी भिंतींच्या आत मोबाइलला रेंज नसते. रेंज कुठे येते ती जागा शोधून सर्वांना दाखवावी आणि घराचे अचूक ठिकाण सांगणारा कागद दाराजवळ चिकटवावा. दूरच्या घरी अग्निशमन गाडी यायला वेळ लागतोच, त्यात फाटक अरुंद असले तर आणखी.

शेकोटीच्या चुलाणाबद्दल हौस फार आणि माहिती कमी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे फोडून वर्ष-दोन वर्षे वाळवलेले. ओले लाकूड जळण्यापेक्षा धुमसते, त्याचा धूर धुराड्यात वर जाताना थंड होऊन आतल्या बाजूला डांबरासारखा चिकटतो, आणि एखाद्या रात्री मोठ्या आगीने तो थरच पेट घेतो. खोके, रंगीत कागद, बाटल्यांची खोकी चुलाणात घालू नयेत. पेटलेले कागद उडत धुराड्यातून छतावर जातात. पेटवण्याआधी कागदाचा बोळा तोंडाशी पेटवून पाहावा. धूर खोलीत परतला तर वर पक्ष्याचे घरटे असेल किंवा झाकण बंद असेल, पेटवू नये. राखेत निखारे दोन-तीन दिवस जिवंत राहतात. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढून घराबाहेर, लाकडी जमिनीपासून दूर ठेवावी. कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकलेल्या राखेने आग लागल्याची उदाहरणे कमी नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कोळशाची शेगडी पाऊस आला म्हणून ओसरीतून आत आणली की तो खोलीत साठतो, निखारे विझत आलेले असले तरी साठतो. चुलाण असलेल्या प्रत्येक खोलीत त्याचा अलार्म हवा. नसेल तर आपला छोटा बॅटरीवरचा न्यावा, तो मुठीएवढा असतो.

मजल्यांचा प्रश्न एका वाक्यात सांगता येईल : नाचायचे असेल तर तळमजल्यावर. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून बांधतात. जिथे लोक जमून नाचतील अशा सभागृहाला ५०० किलो धरतात. जुन्या वाशांचे टोक भिंतीत गाडलेले असते आणि कूज तिथेच सुरू होते, वरून फळी चकचकीत दिसते. पंचवीस जण एका तालावर उड्या मारू लागले की भार वजनापुरता राहत नाही. लाकडी सज्जाची गोष्ट याहून नाजूक आहे. एरवी तिथे दोघे चहा घेत बसतात. गटाच्या फोटोसाठी वीस जण कठड्याला टेकून उभे राहतात, सगळा भार बाहेरच्या कडेला, आणि त्याला आधार भिंतीतल्या त्याच न दिसणाऱ्या टोकांचा. फोटो अंगणातच काढावा. छायाचित्रकाराने हवे तर सज्जात जावे.

भिंती चुन्याच्या असतील तर त्यांच्याशी कसे वागायचे, हेही कळायला हवे. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो, सिमेंटसारखी ती आत कोंडत नाही. पण सोडायला हवा खेळती लागते. झोपलेला माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. वीस माणसे आठ तास झोपली की सहा लिटरांहून अधिक. एका वेळचे धुतलेले कपडे घरात वाळत घातले की आणखी दोन लिटर. थंडीत खिडक्या गच्च लावून झोपले तर हे सगळे पाणी सर्वांत थंड जागी, म्हणजे काचेवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे जमते. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटे उघडाव्यात. तेवढ्यात हवा बदलते आणि भिंतींची ऊब जात नाही. ही ऊब कमवायला वेळ लागतो, हे लक्षात न घेतल्याने पहिली रात्र कुडकुडत जाते. दगडी भिंत तापायला एका दिवसाहून जास्त लागतो. मालकाला आदल्या दिवसापासून हीटिंग चालू ठेवायला सांगावे आणि मग ते मंद पण अखंड ठेवावे. चालू-बंद केल्याने हवा तापते, भिंत गारच राहते आणि गार भिंतीशेजारी बसलेल्या माणसाला तापल्या हवेतही थंडी वाजते.

सजावटीसाठी चिकटपट्टी लावू नये, काढताना चुन्याचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो. खिळा तर मुळीच ठोकू नये. फुगे व झिरमिळ्या खुर्च्यांना, कठड्याला दोऱ्याने बांधाव्यात. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्यांच्या चौकटीत दोरी आणि वजन असते. अडली तर दोन्ही बाजूंना सारखा जोर लावावा. काच जुनी, हाताने फुंकलेली, किंचित लहरदार असेल तर ती फुटल्यावर तशी मिळत नाही.

कराराच्या बाबी थोडक्यात. तो एकाच्या नावावर होतो आणि नुकसानीला तोच जबाबदार ठरतो, तेव्हा अनामत रक्कम सर्वांनी आधी जमा करावी. दिवसा भेटायला येणारे जास्तीचे पाहुणे चालतील का, हे लेखी घ्यावे. लग्न, साखरपुडा, पन्नाशीचा समारंभ हा 'कार्यक्रम' धरला जातो आणि राहण्यापुरता काढलेला विमा त्याला लागू होईलच असे नाही. पोहोचताच मीटर आणि आधीपासूनची मोडतोड यांचे फोटो काढावेत. फ्रिज एकदम पिशव्याभर सामानाने भरला तर तो गार व्हायला जवळजवळ दिवस घेतो, नासणारे पदार्थ बर्फाच्या पेटीतून न्यावेत. निघायच्या सकाळी वीस जणांच्या चादरी, भांडी आणि कचरा आवरायला तीन तास धरावेत, एक नव्हे.

संपादक महाराज, आपल्या पर्यटनविषयक पानांवर अशा घरांची ओळख छापताना खाटांच्या आकड्याशेजारी वरचे चार आकडेही छापावेत, अशी आमची विनंती आहे. मालकांना ते देणे अवघड नाही. टाकीवर लिटर लिहिलेले असतात, मुख्य स्विचवर अँपिअर. ब्रिटनमध्ये लँडमार्क ट्रस्ट ही संस्था १९६५ पासून पडझडीला आलेल्या जुन्या वास्तू दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देते. तिच्या घरांत टीव्ही नसतो, पण राहून गेलेल्यांनी लिहायची नोंदवही असते. अशी वही प्रत्येक मालकाने ठेवावी आणि पाहुण्यांनी त्यात 'फार मजा आली' एवढेच लिहू नये. कोणता शॉवर दुसरा नळ उघडल्यावर बंद पडतो, कोणती पायरी वेगळी आहे, कोणत्या खोलीतली खाच तापते, मोबाइलला रेंज अंगणात कुठे येते, शेवटच्या दिवशी खालच्या मोरीचे पाणी हळू जात होते का, हे तारखेसह लिहावे. शेवटच्या नोंदीवरून टाकी कधी उपसायला आली, हे मालकालाही कळते.

आपले,
जुन्या इमारतींच्या देखभालीत काम करणारे काही वाचक